दुःखाला खांदा देणाऱ्या पंडिता रमाबाई

मार्गशीर्ष महिना लागला की आमच्या कसबा बावड्यातील घराघरांतून गुरुवारच्या व्रताची लगबग सुरू होते. पाटावर कलश मांडला जातो, श्रीमहालक्ष्मीची कहाणी वाचली जाते, सायंकाळी सुवासिनींच्या हाती हळदकुंकू आणि फळ पडते. पौर्णिमेला दत्तजयंती येते आणि नृसिंहवाडीच्या वाटेवर भाविकांची रीघ लागते. बहुधा याच दिवसांच्या आगेमागे नाताळचा सणही येतो. कोल्हापुरात ख्रिस्ती मिशनचे काम १८५२ पासूनचे. त्यामुळे येथील हिंदू घरांना नाताळ परका राहिलेला नाही. शेजारधर्म म्हणून फराळाचे ताट इकडून तिकडे जाते आणि तिकडून इकडे येते. शेजाऱ्याचे ताट आपण आनंदाने घेतो, तसे त्याच्या श्रद्धेतील सारही एखादे वेळी हाती घेऊन पाहावे, या हेतूने आम्ही आज लिहीत आहोत.

आम्हां बावडेकरांना पाणी चढताना पाहण्याची सवय आहे. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरील पाणीपातळी हा येथील प्रत्येक घराच्या बोलण्याचा विषय असतो. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे येथील शाळकरी पोरही सांगेल. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने ५० फुटांचीही मर्यादा ओलांडली, तेव्हा कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत किती संसार पाण्यात गेले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. दुःखाचेही असेच आहे. फरक एवढाच की दुःखाच्या पाण्याला इशाऱ्याची खूण नसते. काल सुखाने जेवलेल्या घरात आज आकांत उठतो, आणि देवघरासमोर बसलेल्या माणसाच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो : आम्ही नित्यनेम चुकविला नाही, कुणाचे वाईट चिंतिले नाही, मग आमच्याच वाट्याला हे का?

आपल्या परंपरेने या प्रश्नाला अनेक परींनी तोंड दिले आहे. कुंतीने श्रीकृष्णापाशी विपत्तीच मागून घेतली, कारण विपत्तीत देवाचे दर्शन घडते अशी तिची श्रद्धा होती. हरिश्चंद्राने सत्त्व सोडले नाही. तुकोबांच्या घरातून दुष्काळाने पत्नी ओढून नेली, आणि त्याच होरपळीतून त्यांची वाणी जगाला मिळाली. ख्रिस्ती श्रद्धेने या प्रश्नाला कसे तोंड दिले, हे सांगताना आम्ही तत्त्वज्ञानाच्या वाटेने जाणार नाही. भागवताच्या श्लोकांवर वाढलेल्या, पुराणिकाच्या घरी जन्मलेल्या एका विदुषीचे चरित्रच त्यासाठी आम्हांला पुरेसे वाटते. त्या विदुषी म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचे नाव काढले की आमच्या घरांतील काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते, हे आम्ही जाणून आहोत. त्यांनी पूर्वजांचा धर्म सोडला, याचे शल्य महाराष्ट्राच्या मनात शतकाहून अधिक काळ राहिले आहे. ते शल्य झाकून ठेवावे असे आम्हांला वाटत नाही. परंतु ज्या दुःखांतून ही स्त्री गेली ती दुःखे, आणि त्या दुःखांचे तिने जे केले ते, हे दोन्ही जाणून न घेता निवाडा देणे आपल्या धर्माच्या न्यायबुद्धीलाही शोभणारे नाही.

वेताच्या पेटीतील बाळ

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान चित्पावन ब्राह्मण होते. तरुणपणी त्यांनी पाहिले की आपले गुरू पेशव्यांच्या वाड्यात राणीला संस्कृत शिकवितात. स्त्रीच्या मुखातून देववाणी ऐकून त्यांच्या मनाने घेतले की आपल्या घरीही हे घडावे. पुढे त्यांनी आपल्या तरुण पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविण्यास प्रारंभ केला. समाजाचा रोष झाला. धर्मसभेपुढे उभे राहून शास्त्राधाराने उत्तर द्यावे लागले. अखेर जनांपासून दूर, पश्चिम घाटातील गंगामूळच्या रानात त्यांनी आपला आश्रम थाटला. तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

मूल सहा महिन्यांचे होते न होते तोच हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. वेताच्या पेटीत निजवून त्या बाळाला रानातून खाली आणण्यात आले. तेव्हापासून रमाबाईंना घर असे राहिलेच नाही. आज या क्षेत्री, उद्या त्या क्षेत्री. देवळाच्या ओवरीत मुक्काम, सकाळी स्नानसंध्या, दिवसभर पुराणकथन, आणि मिळालेल्या दक्षिणेचा दानधर्म. पहाटेच्या वेळी आई मांडीवर घेऊन पाठ देई. पंधरा-सोळा वर्षांच्या वयापर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक या मुलीला अवगत झाले होते. आमच्या आजच्या घरांतील किती मुलांना गीतेचा एक अध्याय पाठ आहे, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

आईची तिरडी

सन १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळाचे थैमान माजले. अनंतशास्त्री वृद्ध झाले होते, दृष्टी गेली होती. साठवलेले द्रव्य, भांडीकुंडी, दागिने एकामागून एक विकले गेले. देव संकटातून सोडवील या श्रद्धेने उरलेसुरलेही अनुष्ठानांत आणि दानात गेले. मोलमजुरीची लाज आणि भीक मागण्याची त्याहून अधिक लाज, अशा कोंडीत हे विद्वान कुटुंब सापडले. तिरुपतीच्या पलीकडील रानात अकरा दिवस व अकरा रात्री त्यांनी पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्या. अनंतशास्त्र्यांनी तीर्थात जलसमाधी घेण्याचे ठरवून मुलांचा निरोपही घेतला. त्या वेळी थोरला मुलगा श्रीनिवास पुढे झाला. कुळाचा अभिमान बाजूला ठेवून आपण हमाली करू, पण हे नको, असे त्याने विनविले. तो विचार तेव्हा टळला. मृत्यू मात्र टळला नाही. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण ही तिन्ही माणसे अन्नावाचून गेली.

आईच्या अखेरच्या दिवसांतील एक प्रसंग वाचताना आमचा हात थबकतो. आईसाठी भाकरीचा तुकडा मागायला रमाबाई शेजारच्या घरी गेल्या. मागण्याची सवय नव्हती. दारात उभ्या राहिल्या, पण तोंडातून शब्द फुटेना, डोळ्यांतून मात्र पाणी वाहू लागले. त्या घरच्या माउलीने ओळखले आणि अन्न दिले. ते आईपर्यंत पोहोचले, तेव्हा ते खाण्याची शक्ती तिच्यात उरली नव्हती.

आई गेली तेव्हा परक्या गावात खांदा द्यायला कोणी येईना. स्मशान काही कोस दूर. मोठ्या मिनतवारीने दोन ब्राह्मण तयार झाले. तिसरा खांदा श्रीनिवासाचा. चौथा खांदा द्यायला रमाबाई उभ्या राहिल्या; परंतु त्यांची उंची कमी असल्याने तिरडी समतोल राहीना. तेव्हा त्या पोरीने आईच्या तिरडीचा भार आपल्या डोक्यावर घेतला आणि स्मशानापर्यंतची वाट चालली.

वाचकहो, रमाबाईंच्या चरित्रातील बाकी सारे आपण विसरलात तरी चालेल. ही तिरडी मात्र ध्यानात ठेवावी. पुढील पन्नास वर्षांत त्यांनी जे केले, त्याचे मूळ आम्हांला या वाटेवर दिसते. आपल्या समयाला खांदा मिळाला नाही, म्हणून जगावर रुसून बसणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. आपल्याला खांदा मिळाला नाही, म्हणून दुसऱ्याला तरी तो मिळावा, यासाठी आयुष्य वेचणारे क्वचित आढळते.

वाळूचे अंथरूण, पंडितांची सभा

आता दोन भावंडेच उरली. त्यांनी हिंदुस्थानभर पायी प्रवास केला. उत्तरेत काश्मीरपर्यंत आणि पूर्वेस बंगालपर्यंत. हे अंतर चार हजार मैलांच्या घरात जाते. पंजाबातील थंडीत पांघरूण नसल्याने नदीकाठी खड्डे खणून त्यांत ती निजत आणि गळ्यापर्यंत वाळू ओढून घेत. जिवंतपणी स्वतःला पुरून घेऊन रात्र काढायची आणि सकाळी उठून देवळात श्लोक म्हणायचे, असे ते दिवस होते. कर्मकांडावरील त्यांची जुनी श्रद्धा याच वाटेवर डळमळू लागली.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांच्या मुलीचे संस्कृतावरील प्रभुत्व पाहून तेथील विद्वान थक्क झाले आणि त्यांनी तिला पंडिता व सरस्वती या पदव्या अर्पण केल्या. कालपर्यंत वाळूत निजणारी मुलगी एका दिवसात मोठमोठ्या सभांतून बोलू लागली. परंतु दैवाने सुखाचे माप भरू दिले नाही. १८८० साली श्रीनिवासही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते. त्यामुळे दोन्हीकडून बहिष्कार आला. आसामातील सिल्चर येथे संसार मांडला गेला, एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा ही कन्या झाली. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीच्या आजाराने बिपिनबाबू वारले. चोविसाव्या वर्षाच्या आत आई, वडील, बहीण, भाऊ आणि पती हे सारे गेले. हाती दहा महिन्यांची पोर आणि पुढे उभे वैधव्य.

त्या काळच्या विधवेला समाज काय सांगत असे, हे आपल्याला ठाऊक आहे. पतीचा मृत्यू हा तिच्याच पूर्वपापाचा परिणाम मानला जाई. येथे आम्हांला थोडे स्पष्ट लिहिले पाहिजे. प्रारब्धाचा विचार आपल्या ऋषींनी माणसाला स्वतःचे दुःख धीराने सोसता यावे म्हणून सांगितला. दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट दाखवून हे तुझे भोग आहेत असे म्हणण्यासाठी तो सांगितलेला नाही. आपण मात्र अनेकदा उलट केले. स्वतःच्या दुःखात देवाला जाब विचारला आणि शेजाऱ्याच्या दुःखात त्याला त्याचे पाप दाखविले. रमाबाईंच्या मनाला जी जखम झाली, ती या उलट्या वागण्याची होती.

नव्या श्रद्धेची ओळख

रमाबाई महाराष्ट्रात परतल्या. पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचे स्वागत केले. १८८२ मध्येच आर्य महिला समाजाची स्थापना झाली, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक प्रसिद्ध झाले. हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री शिक्षिकांची आणि स्त्री डॉक्टरांची गरज आग्रहाने मांडली. आपणही वैद्यकी शिकावी, या हेतूने १८८३ मध्ये त्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांना आश्रय मिळाला. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांचा तेथेच करुण अंत झाला. रमाबाईंचे कान अधू होत चालले, त्यामुळे वैद्यकीचा बेत सोडावा लागला. म्हणजे नव्या देशातही संकटे सोबत होतीच.

तेथील भगिनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे घेऊन गेल्या. समाजाने टाकून दिलेल्या, वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी तेथे एक घर होते. कुलीन घरांतील भगिनी त्या स्त्रियांची शुश्रूषा करीत, त्यांना कामधंदा शिकवीत आणि माणसांत परत आणीत. पतितेला दूर लोटण्याऐवजी जवळ घेणारी ही माणसे हे कशाच्या बळावर करतात, असा प्रश्न रमाबाईंना पडला. उत्तरादाखल त्यांना येशूची कथा सांगण्यात आली. भर दुपारी विहिरीवर एकटी पाणी भरायला आलेल्या, लोकांनी अव्हेरलेल्या शोमरोनी स्त्रीशी येशू बोलतो आणि तिच्या हातचे पाणी मागतो, ही ती कथा. ती रमाबाईंच्या अंतःकरणाला भिडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

दुःखाकडे पाहण्याची ख्रिस्ती दृष्टी समजण्यास ही कथा आणि नाताळचा सण ही दोन दारे पुरेशी आहेत. देव वैकुंठातून दुःख पाहत नाही, तो स्वतः दुःखात जन्म घेतो, असे ती श्रद्धा मानते. राजवाडा सोडून गाईगुरांच्या गोठ्यात जन्म, जन्मताच परागंदा होणे, आणि अखेर निरपराध असता क्रूसावर मृत्यू. म्हणून ख्रिस्ती भाविक दुःखात सापडला की देवाने मला टाकले असे न म्हणता, देव या वाटेने आधी चालून गेला आहे असे म्हणतो. आमच्या भागवत धर्माला हा भाव अनोळखी नाही. जनाबाईंसोबत दळू लागणारा आणि दामाजीपंतांसाठी महाराचे रूप घेऊन बादशहाच्या दरबारी जाणारा विठोबा आपल्या घरचाच आहे. दुष्काळात बुडालेल्या रमाबाईंना मात्र तो देव क्रूसावरच्या रूपात भेटला, आणि तेथे त्यांचे मन स्थिरावले.

बाप्तिस्मा झाला म्हणजे शांती मिळाली, असेही नव्हते. धर्ममतांच्या बारीकसारीक प्रश्नांवर त्यांनी आपल्या ख्रिस्ती गुरूंशीही वाद घातला. कोणाच्या सांगण्यावरून मान डोलावणे त्यांच्या स्वभावात नव्हते. खरी शांती लाभायला आणखी आठ वर्षे जावी लागली, असे त्यांनी पुढे लिहून ठेविले आहे. आहार त्यांनी अखेरपर्यंत शाकाहारीच ठेविला.

कोल्हापूरशी जुळणारा एक धागा

१८८६ च्या प्रारंभी रमाबाई अमेरिकेला गेल्या. त्यांच्याच नात्यातील डॉ. आनंदीबाई जोशी यांना ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात वैद्यकीची पदवी मिळाली, आणि त्या समारंभास रमाबाई उपस्थित होत्या. या आनंदीबाईंची नेमणूक झाली होती ती आमच्या कोल्हापूर संस्थानात, आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागावर. आज आपण ज्याला सी. पी. आर. म्हणतो, ते हेच रुग्णालय. आनंदीबाई मायदेशी परतल्या त्या क्षयाने खंगलेल्या अवस्थेत, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. करवीरकरांनी ज्यांची वाट पाहिली, त्या डॉक्टरीणबाई येथवर पोहोचल्याच नाहीत.

रमाबाईंना आपली म्हणावी अशी आणखी एक व्यक्ती गेली. त्याच वर्षी त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, आणि तो अर्पण केला आपल्या आईच्या स्मृतीस. जिची तिरडी डोक्यावरून वाहिली, तिच्या नावाचा ग्रंथ आता अमेरिकेतील घराघरांत वाचला जाऊ लागला. त्यातून बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि हिंदू विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे साहाय्य देण्याचे ठरले.

शारदासदन आणि वादळ

११ मार्च १८८९ रोजी, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीदानानंतर बरोबर तीन वर्षांनी, मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन उघडले. पहिल्या विधवा विद्यार्थिनी म्हणून गोदूबाई नातू तेथे आल्या. पुढच्या वर्षी शाळा पुण्यास गेली. मुलींनी आपापले धर्माचार पाळावेत, अशी मोकळीक होती. पण रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली तेथे जाऊन बसू लागल्या. पुण्यात वादळ उठले. केसरीने कडक टीका केली. १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

या वादात एकच बाजू खरी, असे आम्ही म्हणणार नाही. विश्वासाने मुली पाठविणाऱ्या पालकांना फसविल्यासारखे वाटले, हे नाकारता येत नाही. दुसऱ्या बाजूस, ज्या मुलींना घरात कोपरा आणि ताटात उष्टे एवढेच मिळत होते, त्यांना पाटी आणि पुस्तक देणारे दुसरे दार तेव्हा फारसे उघडे नव्हते, हेही खरे आहे. आणि या वादातून एक चांगले निपजले. याच गोदूबाईंशी धोंडो केशव कर्वे यांनी ११ मार्च १८९३ रोजी पुनर्विवाह केला. अण्णांनी पुढे हिंगण्यास विधवांसाठी आश्रम काढला, तो हिंदू समाजाच्या आधारावर वाढला आणि त्यातून स्त्रियांचे विद्यापीठ उभे राहिले. शेजारणीने अंगणात लावलेला दिवा पाहून आपणही आपल्या तुळशीपाशी दिवा लावावा, तसे हे झाले. आमच्या बावड्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात जन्मलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात विधवाविवाहाला कायद्याचा आधार दिला, तोही याच वाटेवरचा पुढचा टप्पा होय.

दुष्काळ पुन्हा आला

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची वार्ता आली. रमाबाईंच्या हाती पैसा नव्हता, शाळेची विवंचना होती. परंतु उपासमार म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकायचे नव्हते. त्या निघाल्या. रस्त्याच्या कडेला, धर्मशाळांत, अन्नछत्रांच्या आसपास हाडांचे सापळे झालेल्या मुली आणि तरुण विधवा त्यांना दिसल्या. असहाय मुलींना फसवून नेणारेही तेथे टपलेले होते. रमाबाईंनी तीनशेच्या आसपास मुली आणि स्त्रिया सोडवून आणल्या. पुण्यात प्लेगची साथ असल्याने इतक्या जणींना शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. तेव्हा पुणे-दौंड रेल्वेमार्गावरील केडगाव येथे आधीच घेऊन ठेविलेल्या माळावर तंबू उभे राहिले. त्या माळावर १८९८ मध्ये मुक्तिसदनाचे रीतसर उद्घाटन झाले.

सन १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला आणि पुन्हा तेच. मुक्तीतील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार मुखांना रोज दोन वेळा घालायचे म्हणजे काय, हे ज्यांनी घरी सत्यनारायणाला दोनशे पाने वाढली आहेत, त्यांना सांगायला नको. विहिरी खणल्या, शेती केली, माग घातले, तेलघाणी चालविली, छापखाना उभारला. आणि हे सारे स्त्रियांच्या हातून. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले, वृद्धांसाठी प्रीतिसदन, अंध मुलींसाठी बोटांनी वाचण्याची लिपी शिकविण्याची सोय झाली.

येथे आम्ही वाचकांना क्षणभर थांबवू इच्छितो. रमाबाईंच्या दुःखांची आणि त्यांच्या कार्याची जोडी लावून पाहा. अन्नावाचून आईवडील गेले. त्यांनी दुष्काळातील मुलींच्या तोंडी घास घातला. स्वतः विधवा झाल्या. त्यांनी विधवांसाठी शारदासदन काढले. घर नव्हते, देवळाच्या ओवरीत वाढल्या. त्यांनी निराधारांना घर दिले. कानांनी ऐकू येईनासे झाले. त्यांनी डोळ्यांनी न दिसणाऱ्यांना अक्षर दिले. देवाने हे दुःख मला का दिले, याचे उत्तर त्यांना मिळाले होते की नाही, आम्ही सांगू शकत नाही. पण प्रत्येक दुःखाने दाखविलेले दार त्यांनी दुसऱ्या कोणासाठी तरी उघडून ठेविले, एवढे निश्चित.

अखेरची परीक्षा

उतारवयात रमाबाईंनी एक मोठे काम अंगावर घेतले. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर सुरू केले. खेड्यातील अल्पशिक्षित बाईलाही समजावी अशी सोपी भाषा, हा त्यांचा हट्ट होता. महापंडितांच्या सभेत संस्कृताने दिपविणाऱ्या विदुषीने आयुष्याच्या शेवटी जात्यावरच्या बाईसाठी लिहावे, यात ज्ञानोबांच्या मराठी मातीचाच गुण आम्हांला दिसतो. छपाईही मुक्तीतील स्त्रियांनीच केली.

मनोरमाबाई आता आईच्या उजव्या हात झाल्या होत्या. पदवी घेऊन त्यांनी शारदासदनाचा भार उचलला होता आणि पुढे सर्व संस्था त्यांच्याच हाती जायची होती. परंतु जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाईही गेल्या. ज्या पोरीला घेऊन चोविसाव्या वर्षी वैधव्याच्या वाटेला लागल्या, तिला त्रेसष्टाव्या वर्षी निरोप द्यावा लागला. यापुढे नात्याचे असे कोणीच उरले नाही. तरीही रमाबाईंनी भाषांतराचे काम खाली ठेविले नाही. ते हातावेगळे झाले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेविला. ते मराठी बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

जिच्या आईला चार खांदेकरी मिळणे कठीण झाले होते, तिच्या मागे शेकडो लेकी रडत उभ्या होत्या. पोटची एकही उरली नव्हती. पण अनाथ म्हणून आलेल्या प्रत्येकीने आपली आई गेली असेच मानले. केडगावचे ते काम शंभर वर्षांनंतर आजही चालू आहे.

असो. रमाबाईंनी जी श्रद्धा स्वीकारली ती आपण स्वीकारावी, असे सांगण्यासाठी आम्ही हे लिहिले नाही. आमचा कलश, आमची तुळस, आमची अंबाबाई आम्हांला पुरेशी आहे. परंतु येत्या गुरुवारी कहाणी वाचून झाल्यावर आपण क्षणभर डोळे मिटावेत आणि आपल्या आळीचा विचार करावा. कोणाच्या घरी अलीकडे दुःख झाले आहे, कोणाच्या दारी आपण सुतकाचे निमित्त करून गेलो नाही, कोणती पोर शब्द फुटेना म्हणून नुसतीच दारात उभी राहिली होती, हे आठवावे. तिच्या पूर्वकर्माची चौकशी न करता तिच्या ओंजळीत काहीतरी घालावे. पंचगंगेचे पाणी चढते तेव्हा बावड्यात कोणी कोणाची जात किंवा धर्म विचारीत नाही. ज्याचे घर उंचावर, तो दार उघडतो. दुःखाच्या पुरातही एवढे साधले, तर आपला गुरुवार आणि शेजाऱ्याचा नाताळ हे दोन्ही सण एकाच देवाला पोहोचतील, अशी आमची श्रद्धा आहे.